वैमानिकाच्या नोंदीचे मोल

आषाढात शिवनेरीच्या माथ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर सह्याद्री दिसत नाही, ढग दिसतात. चावंड, हडसर, जीवधन ही नावे लहानपणापासून तोंडपाठ असणाऱ्या जुन्नरकरालाही त्या दिवसांत कोणता डोंगर कुठे, हे अदमासानेच सांगावे लागते. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असताना, ह्या ढगांतून एक प्रवासी विमान खाली उतरत होते. ते इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान होते. ऑस्ट्रेलियातील सिडनीहून निघून टप्प्याटप्प्याने रोमला जाणारे. बँकॉक मागे पडले होते, पुढचा मुक्काम मुंबईचा होता. मुंबई आता हाताशी आली, असे वैमानिकाला वाटले. प्रत्यक्षात ती अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती आणि वाटेत जुन्नरचा डोंगर उभा होता. विमानातील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही.

विमान आदळले ते सुमारे ३,६०० फूट उंचीवर. परदेशी कागदपत्रांत त्या डोंगराचे नाव ‘दवंड्याची’ असे नोंदले गेले आहे. षष्ठीचा प्रत्यय नावाला चिकटून राहिला आणि पुढचा शब्द गळून पडला. पण हे त्या कागदपत्रांच्या वाचकाला कुठून कळावे! चौकशीअंती जे निष्कर्ष निघाले ते मात्र स्पष्ट होते. आपण मुक्कामाच्या जवळ आलो आहोत, अशी समजूत दिशादर्शनातील चुकीमुळे वैमानिकाने करून घेतली आणि वेळेआधीच विमान खाली आणले. उपलब्ध दिशादर्शक साधनांचा त्याने उपयोग केला नाही. सुरक्षित उंचीची किमान मर्यादा पाळली नाही. आणि चौथी गोष्ट, जी सहसा कोणी वाचत नाही: त्या मार्गावरील भूप्रदेशाची त्याला ओळख नव्हती.

पहिल्या तीन गोष्टींचा जाब मृत वैमानिकाला विचारता येईल. चौथीचा कोणाला विचारायचा? पश्चिम घाट कुठे सुरू होतो, पावसाळ्यात तो कसा झाकला जातो, हे रोमच्या माणसाला जन्मतः ठाऊक असण्याचे कारण नाही. ते त्याला शिकवायचे असते, आणि शिकवणारे विमानाबाहेर असतात. म्हणजे ज्या अपघातात वैमानिकाची चूक निर्विवाद म्हणावी, त्यातही चुकीचा एक धागा कार्यालयापर्यंत जातो. जुन्नरच्या डोंगरातील ह्या घटनेला सहा दशके उलटून गेली. त्याच तालुक्यात पुढे आर्वीचे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले, खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आली. आकाशाशी बोलण्याची साधने वाढली. परंतु विमान कोसळल्यावर पहिले बोट कोणाकडे वळते, ह्यात फारसा फरक पडलेला नाही.

सुरतगडची रात्र

१७ सप्टेंबर २००१. राजस्थानातील सुरतगडच्या तळावरून रात्रीच्या उड्डाणासाठी निघालेले एक मिग-२१ आकाशात झेपावताच थोड्याच वेळात कोसळले. त्यात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा पुण्याचा तरुण वैमानिक हुतात्मा झाला. चौकशीचा निष्कर्ष असा, की अंधारात त्याचे दिशाभान हरपले. थोडक्यात, चूक वैमानिकाची.

आईवडिलांनी हा निष्कर्ष मुकाट्याने स्वीकारला नाही. वडील अनिल गाडगीळ स्वतः वैमानिक. विमान म्हणजे काय आणि त्यात काय काय बिघडू शकते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. आई कविता गाडगीळ यांनी मात्र जे केले त्याला आपल्याकडे फारशी पूर्वपीठिका नाही. पुत्रशोकाने खचलेल्या मातेने घराच्या चार भिंतींत अश्रू ढाळावेत, फार तर तसबिरीला हार घालावा, अशी समाजाची अपेक्षा असते. कविताताईंनी त्याऐवजी प्रश्न विचारले. मिग-२१ ची विमाने एकामागून एक का पडतात? प्रत्येक वेळी वैमानिकच कसा चुकतो? विमानात बिघाड होता की नव्हता, हे कोणी किती खोलात जाऊन तपासले? अभिजितच्या नावाने त्यांनी हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापन केले आणि आपल्या मुलापुरता असलेला प्रश्न सगळ्यांच्या मुलांचा केला.

त्या काळात अनेकांना हे रुचले नव्हते, आणि त्या अनेकांत राष्ट्रीय विचारांची माणसेही होती, हे मान्य केले पाहिजे. ‘सैन्यदलाविषयी चारचौघांत असे बोलावे काय? शत्रूच्या हाती कोलीत देण्यासारखेच हे नव्हे काय?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जात होता. कारगिलच्या युद्धाला पुरती अडीच वर्षेही झाली नव्हती. सैन्याविषयीचा आदर ही आपल्या घराघरांतली जपलेली गोष्ट आहे आणि तो आदर असायलाच हवा. पण सैन्यदलाचा आदर म्हणजे नेमका कोणाचा आदर? मुख्यालयातील टिपणीचा, की रात्रीच्या अंधारात एकट्याने ते यंत्र हवेत नेणाऱ्या पोराचा?

मिग-२१ ची कुळकथा येथे थोडी सांगावी लागेल. १९६३ मध्ये चंदीगडला ह्या विमानांचे पहिले पथक उभे राहिले. चीनकडून झालेल्या पराभवाची जखम ताजी होती. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे हे विमान देशाला हवे होते आणि सोव्हिएत संघ ते देण्यास, इतकेच नव्हे तर येथे बांधू देण्यास तयार होता. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो ह्याच विमानासाठी. १९७१ च्या युद्धात ढाक्यातील गव्हर्नरांच्या निवासस्थानावर अचूक मारा करणारी विमाने हीच. तेव्हा ह्या यंत्राच्या पराक्रमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा होता. उतरताना ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग राखावा लागणारे, छोट्या पंखांचे, क्षमा न करणारे हे विमान नवशिक्या वैमानिकाच्या हाती थेट दिले जात होते. कमी वेगाच्या किरण विमानावर शिकलेला तरुण मधली पायरी न चढता मिगच्या कक्षात बसत होता. पुढे सोव्हिएत संघ कोसळला आणि सुट्या भागांची जुनी घडी विस्कटली. विमाने वृद्ध झाली, वैमानिक मात्र तेवीस-चोवीस वर्षांचेच राहिले.

मधली पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवे, हे एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सांगितले होते. ह्या शिफारशीचे पुढे काय झाले? तिच्यावर टिपण्या झाल्या, बैठका झाल्या, परदेश दौरे झाले, विमाने पाहून झाली. बोफोर्सनंतर तर संरक्षण खरेदीच्या कागदावर सही करायला अधिकारी धजेनात. इंदिराजींचे सरकार गेले, राजीवजींचे गेले, नरसिंह रावांचे गेले. शेवटी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटनकडून ६६ हॉक विमाने घेण्यास मंजुरी दिली, मार्च २००४ मध्ये करार झाला आणि २००८ मध्ये ही विमाने बीदरच्या तळावर दाखल झाली. शिफारस ते धावपट्टी, हे अंतर कापायला २६ वर्षे लागली. ह्या सव्वीस वर्षांत जे वैमानिक गेले त्यांच्यापैकी किती जण त्या एका पायरीच्या अभावी गेले, हे सांगणारा चौकशी अहवाल कुठे आहे?

अटलजींच्या सरकारला हे श्रेय देत असताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. अभिजित गाडगीळ गेला तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीचेच सरकार होते. टीका वाढू लागली तेव्हा संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी ऑगस्ट २००३ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अंबाल्याच्या तळावर स्वतः मिग-२१ मधून उड्डाण केले. त्या वयात हे धाडस करणे सोपे नव्हे. सियाचिनच्या जवानांत वारंवार जाऊन येणाऱ्या ह्या मंत्र्याच्या हेतूविषयी शंकाही नाही. परंतु मंत्री बसणार म्हटल्यावर ते विमान किती वेळा, किती जणांनी तपासले असेल! वैमानिकाचा प्रश्न रोजच्या विमानाविषयी असतो. पाहुण्यांसाठी काढलेल्या ताटावरून घरच्या जेवणाची परीक्षा होत नाही.

आकडा हवाच असेल तर तो सरकारनेच संसदेत दिलेला आहे. १९ एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या विमानांना ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले, असे तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले. खरेदी केलेली एकूण विमाने होती ८७२. निम्म्याहून अधिक अपघातात गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. निरोपाच्या भाषणांत शौर्याचा गौरव झाला आणि तो उचितच होता.

न्यायालयात गेलेला वैमानिक

मृत वैमानिक बोलू शकत नाही. वाचलेला बोलू शकतो. २००५ च्या जानेवारीत राजस्थानात एका मिग-२१ ला उड्डाणानंतर आग लागली. वैमानिक संजीत सिंग कैला यांनी ते वस्तीपासून दूर नेले आणि मगच आसनासह बाहेर झेप घेतली. जीव वाचला, पण पाठीच्या कण्याला इजा झाली आणि लढाऊ विमान चालवणे कायमचे संपले. पुढे कैला ह्यांच्या वाचनात चौकशीचे निष्कर्ष आले आणि त्यांना कळले, की आगीचे मूळ कारखान्यातील सदोष कामात होते. ते सेवेत असतानाच दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मागणी पैशांची नव्हती असे नव्हे. पण मुख्य मुद्दा हा होता, की देशासाठी धोका पत्करणे हे सैनिकाचे कर्तव्य असले तरी कारखान्यातील निष्काळजीपणाचा धोका पत्करणे हे त्याच्या कर्तव्यात बसत नाही. मे २०१७ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले. ५५ लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली. त्यांतील ५० लाख हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आणि ५ लाख केंद्र सरकारने द्यावयाचे होते.

ह्या निकालाची चर्चा आपल्याकडे व्हावी तितकी झाली नाही. शत्रूची गोळी आणि सैल जोड ह्यांत फरक आहे, हे एका सैनिकाला न्यायालयात जाऊन सिद्ध करावे लागले. त्यासाठी अपघातापासून निकालापर्यंत बारा वर्षे गेली.

स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी तर ह्या निकालाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. तेजस हे विमान हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. त्याचा पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ झाला, वैमानिक वाचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या प्रदर्शनात जगासमोर तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल यांनी प्राण गमावले. त्या दिवशी समाजमाध्यमांतून दोन प्रकारचे लोक बोलत होते. काहींना आनंद लपवता येत नव्हता. त्यांच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. दुसरे आपलेच लोक होते. विमानात दोष असूच शकत नाही, असे त्यांनी चौकशीपूर्वीच ठरवून टाकले. आता विमानात दोष नाही म्हटल्यावर तो कोणाच्या माथी गेला? ज्याच्या अंत्यदर्शनाला आपण हात जोडले, त्याच्याच. स्वदेशी वस्तूवर प्रेम करणाऱ्याने तिची परीक्षा परक्यापेक्षा कठोर करायची असते, कारण ती आपल्या मुलांच्या हाती जाणार असते.

वहीतला दोष

सैन्यदलाची गोष्ट बाजूला ठेवून आता प्रवासी विमानांकडे वळावे लागेल, कारण तेथे आपणा सर्वांची मुले, सुना, नातवंडे बसतात. पुण्याच्या लोहगावहून विमान पकडणे ही आता मंचर-नारायणगावच्या बागाईतदार कुटुंबालाही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

प्रत्येक विमानात एक वही असते. तिला टेक लॉग म्हणतात. उड्डाणात काही बिघडलेले जाणवले, तर विमान उतरल्यावर वैमानिक ते तीत लिहितो. देखभाल अभियंता तो दोष दूर करतो, काय केले ते लिहितो, सही करतो आणि त्या सहीच्या बळावर पुढचा वैमानिक विमान नेतो. दोन्ही माणसे बहुधा एकमेकांना भेटतही नाहीत. विश्वास असतो तो अक्षरावर. काही दोष असे असतात, की ते असतानाही ठरावीक मुदतीपर्यंत विमान उडवता येते. त्याची यादी असते आणि दोषाच्या स्वरूपानुसार मुदत तीन दिवस, दहा दिवस, एकशे वीस दिवस अशी असते. ह्यात गैर काही नाही. जगभर असेच चालते, आणि विचारपूर्वक चालते. घोटाळा सुरू होतो तो सवलतीची सवय झाली म्हणजे. सुटा भाग मिळाला नाही, मुदत घ्या. विमान उद्या सकाळी हवे आहे, मुदत घ्या. ‘तपासले, ठीक आढळले’ हे शब्द लिहायला पाव मिनिट लागते. दोषाचे मूळ शोधायला रात्र जाते आणि विमान जमिनीवर राहिले तर कंपनीचे उत्पन्न बुडते.

हा कल्पनाविलास नाही. २०२२ च्या उन्हाळ्याअखेर स्पाइसजेटच्या विमानांत अवघ्या १८ दिवसांत आठ बिघाड घडले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. तीत लिहिले होते, की पुरवठादारांचे पैसे नियमित दिले जात नसल्याने सुट्या भागांची टंचाई होते आणि त्या सवलतीच्या यादीचा वारंवार आधार घेतला जातो. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीची उड्डाणे निम्म्यावर आणण्यात आली. ज्या आर्थिक पाहणीवरून हे उघड झाले ती मात्र २०२१ च्या सप्टेंबरातील होती. मधले दहा महिने ती विमाने उडत होती आणि त्यांत माणसे बसत होती.

अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर जून २०२५ मध्ये डीजीसीएच्या पथकांनी दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर पाहणी केली. काय आढळले? विमानात नोंदलेले दोष दुरुस्तीनंतरही पुनःपुन्हा उद्भवत होते. विमानाच्या यंत्रणेने दाखवलेले काही दोष वहीत चढलेच नव्हते. एका विमानाचे टायर झिजलेले होते. महासंचालनालयाने हे स्वतः प्रसिद्ध केले, ही चांगली गोष्ट झाली. कंपन्यांची नावे मात्र दिली नाहीत. प्रवाशाने तिकीट काढताना काय ताडून पाहावे?

पुन्हा पुन्हा उद्भवणारा दोष म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर इंडोनेशियाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. लायन एअरचे ते बोईंग ७३७ मॅक्स विमान जेमतेम अडीच महिन्यांचे, कोरे करकरीत होते. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरच्या आठवड्यात वेग आणि उंची दाखवणाऱ्या उपकरणांविषयीच्या तक्रारी त्याच्या वहीत सलग येत होत्या. दरवेळी काहीतरी केले जाई आणि विमान सोडले जाई. २८ तारखेला बाली येथे विमानाचा हवेशी होणारा कोन मोजणारे एक उपकरण बदलण्यात आले. बसवलेले उपकरण दुरुस्त करून आलेले होते आणि २१ अंश चुकीचे दाखवत होते. त्या रात्रीच्या उड्डाणात विमान नाक खाली घालू लागले. सुदैवाने कक्षात प्रवासी म्हणून बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या सूचनेचा उपयोग झाला आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरले. उतरल्यावर वैमानिकाने वहीत लिहिले, पण पुरते लिहिले नाही. कोणती धोक्याची सूचना उड्डाणभर चालू होती, कोणती कळ बंद करून विमान सावरले, हे त्यात आलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान घेऊन कॅप्टन भव्य सुनेजा निघाला. दिल्लीचा हा ३१ वर्षांचा तरुण. आदल्या रात्री काय घडले, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. विमान आपण होऊन नाक खाली घालेल, अशी प्रणाली त्यात बसवलेली आहे, हेसुद्धा उत्पादक कंपनीने वैमानिकांच्या पुस्तिकेत लिहिले नव्हते. १८९ माणसे समुद्रात गेली. पुढे चौकशी झाली तेव्हा देखभालीच्या वहीतील ३१ पाने गहाळ असल्याचे आढळले. सुरुवातीला दोष कोणाला दिला गेला असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

एअर इंडियाचे १७१ क्रमांकाचे विमान १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ अशा २६० जणांचा अंत झाला. डोंबिवलीच्या, पनवेलजवळच्या न्हाव्याच्या, बदलापूरच्या घरांतील तरुण कर्मचारी त्यात होते. महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा करणाऱ्या कळा एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्या, एका वैमानिकाने ‘तू का बंद केलेस’ असे विचारले आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितले, एवढे त्यात आहे. कोण कोणाला बोलले ते नाही. पण परदेशी वृत्तपत्रांनी तेवढ्यावरून कॅप्टन सुमित सभरवाल यांना दोषी ठरवून टाकले. पवईच्या ह्या अनुभवी वैमानिकाच्या खात्यावर १५ हजारांहून अधिक तासांचे उड्डाण होते.

त्याच अहवालात आणखी काही गोष्टी आहेत. आदल्या उड्डाणाच्या वैमानिकांनी स्टॅबिलायझरची स्थिती दाखवणाऱ्या उपकरणाविषयी वहीत दोष नोंदवला होता. अभियंत्याने तो नियमाप्रमाणे तपासून दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी विमान उड्डाणास मोकळे केले. इंधनाच्या कळांची अडसर-यंत्रणा निसटू शकते, अशी सूचना अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१८ च्या डिसेंबरात दिली होती. ती सल्ल्याच्या स्वरूपाची होती, सक्तीची नव्हती, म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केलेली नव्हती. त्या कळा ज्या संचात असतात तो संच मात्र २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये बदलला गेला होता, आणि २०२३ नंतर कळांविषयी एकही दोष नोंदलेला नव्हता. ह्या गोष्टींमुळे अपघात झाला, असे कोणी म्हणू नये. अहवालही तसे म्हणत नाही. परंतु वैमानिकानेच हे केले, असेही अहवाल म्हणत नाही. मग अर्धेच वाचून न्यायनिवाडा का? सभरवालांचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायमूर्तींनी त्यांना, मुलावर दोषारोप झाल्याचे ओझे मनावर बाळगू नका, अशा आशयाचे शब्द सांगितले. कविता गाडगीळ पुण्यात जो प्रश्न विचारत होत्या, तोच प्रश्न घेऊन पाव शतकाने मुंबईचा एक पिता दिल्लीच्या दारात उभा राहिला.

चाकावर बसलेला माणूस

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ही वार्ता बाहेर कोणी आणली? त्या मार्गाने गेलेल्या एसटीच्या चालकाने. रोजच्या वळणावर गाव दिसेना, तेव्हा काहीतरी भयंकर घडले आहे हे त्याला कळले. तहसील कार्यालयाला कळण्यापूर्वी, जिल्ह्याच्या ठिकाणी कळण्यापूर्वी, चाकावर बसलेल्या माणसाला कळले. त्याचा शब्द खरा मानला गेला म्हणून मदतीची पथके निघाली.

एसटीचा चालक रात्री गाडी आगारात लावताना ब्रेकची तक्रार नोंदवतो. सकाळी तीच गाडी त्याच ब्रेकने माळशेज घाटात आली, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. गाडी नेण्यास नकार द्यायचा आणि कामचुकार ठरायचे, किंवा देवाचे नाव घेऊन घाट उतरायचा. वैमानिकाची स्थिती ह्याहून वेगळी नाही. फक्त त्याचा घाट तीस हजार फुटांचा असतो. दोष लिहिणारा वैमानिक कंपनीला ‘कटकट्या’ वाटतो. त्याच्या वेळापत्रकात, बढतीत, कराराच्या नूतनीकरणात ती नाराजी उमटू शकते, आणि ती कोठेही लिहिलेली नसते. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने संमत केला; तो अमलात आणणारी अधिसूचना दशक उलटूनही निघाली नाही. काँग्रेसच्या काळात संमत झालेला हा कायदा नंतरच्या सरकारने का थांबवून ठेवला, ह्याचे उत्तर आपल्या सरकारला विचारण्यात संकोच कसला?

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्ग बांधण्याइतकाच त्यांच्या निगेचा विचार आहे. किल्ल्यावर पडझड झाली तर ती कळवणारा हवालदार स्वराज्याचा निंदक ठरत नसे. लपवणारा मात्र अपराधी ठरे. संघटनेत काम केलेल्यांना तर हे अनुभवाने ठाऊक आहे. खालच्या कार्यकर्त्याचे निवेदन वरपर्यंत गेले नाही, गोड भाग तेवढाच गेला, तर वरचे निर्णय आंधळेपणाने होतात आणि त्याचे फळ पुन्हा खालच्यालाच भोगावे लागते.

काय करता येईल, हे सांगण्यासाठी आयोग नेमण्याची गरज नाही. एकाच विमानात तोच दोष ठरावीक दिवसांत तिसऱ्यांदा नोंदला गेला, की त्याची सूचना कंपनीला वगळून थेट महासंचालनालयाकडे जावी. अशा दोषांची यादी कंपनीच्या नावासह दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावी. डीजीसीएमधील तांत्रिक अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरावीत; ज्या खात्याने हजारो उड्डाणांवर लक्ष ठेवायचे त्याच्याकडेच माणसे अपुरी असतील तर पाहणी अपघातानंतरच होणार. अपघाताची चौकशी करणारी यंत्रणा ज्या मंत्रालयाच्या कामावर बोट ठेवू शकते, त्याच मंत्रालयाखाली असू नये. सैन्यदलातील अपघातांबाबत गोपनीयतेची अडचण खरी आहे. पण ज्या कुटुंबाचा मुलगा गेला त्याला तरी चौकशीचे तांत्रिक निष्कर्ष दाखवण्यात कोणते गुपित फुटणार आहे? त्या कुटुंबाने आधीच देशाला सर्वांत मोठे गुपित सोपवलेले असते. आणि २०१४ च्या कायद्याची अधिसूचना तर एका सहीची गोष्ट आहे.